आपल्या मागच्या दाराबद्दल : नाशिक जिल्ह्यातल्या औषध विक्रेत्यांना खुले पत्र

व्यवसायबंधू आणि भगिनींनो, स.न.वि.वि.

२८ सप्टेंबर २०१८ ला आपण देशभर मेडिकल बंद ठेवली होती. ऑनलाइन औषधविक्री नको, एवढीच मागणी होती. मीही शटर ओढलं होतं आणि त्याबद्दल आजही मला काही चुकल्यासारखं वाटत नाही. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला होता. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं. पुढे मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहिला आणि ॲप मोठी होत गेली. त्यावर आपण भरपूर बोललो आहोत, म्हणून आज तो विषय नको.

आज मला दुसऱ्याच ऑनलाइन बाजाराबद्दल लिहायचं आहे. टेलिग्रामचे ग्रुप, इन्स्टाग्रामवरची नाव बदलत राहणारी खाती, व्हॉट्सअ‍ॅपवर 'मेडिसिन केअर' असं काहीतरी गोंडस लावलेले नंबर. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीनचं सिरप, जिमवाल्या पोरांसाठी मेफेंटरमाइनची इंजेक्शनं, गर्भपाताची किट, सगळं मिळतं. चिठ्ठी नाही, बिल नाही, पैसे आधी. या बाजारावर आपण कधी मोर्चा काढला नाही. का काढला नाही, ते आपल्याला मनातून माहीत आहे.

मागे एक मुलगा दुकानात आला. गंगापूर रोडकडे होस्टेलवर राहणारा, इंजिनिअरिंगचा. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग खिशातून दोन स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवल्या. "काका, ओरिजिनल आहे का तेवढं बघा ना." अल्प्राझोलाम, पॉइंट फाइव्ह, म्हणजे चिंतेवरची, झोप आणणारी गोळी. एका स्ट्रिपचं टोक कात्रीने सरळ कापलेलं, म्हणजे जिथे बॅच नंबर आणि एक्सपायरी असते तेवढीच पट्टी गायब. दुसरीवरची शाई थिनरने पुसलेली, त्या जागी फॉइल चकचकीत झालेलं. मी चष्मा लावून उजेडात धरून पाहिलं. फॉइलची छपाई, पॉकेटचा आकार, गोळीवरची मधली रेघ, सगळं बरोबर. नकली असती तर मला बरं वाटलं असतं. पोराला दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

माल अस्सल होता. कंपनीतून निघालेली अल्प्राझोलामची प्रत्येक पेटी कुणाच्या तरी परवाना नंबरावर निघते. डेपो, स्टॉकिस्ट, गोळे कॉलनीसारखी एखादी होलसेलची पेठ, मग रिटेल. या साखळीबाहेर अस्सल गोळी पडायची तर साखळीतल्या कुणीतरी ती पाडावी लागते. आणि बॅच नंबर खोडतो कोण? तो नंबर उलटा चालत गेला तर कुणाच्या दारात जाऊन उभा राहील, हे ज्याला ठाऊक आहे, तोच. टेलिग्रामवर बसलेल्या पोराला बॅच नंबराचं काय सोयरसुतक!

मालेगावात 'कुत्ता गोळी' हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत आहे. ती गोळी म्हणजे हीच. खाल्लेला माणूस कुत्र्यासारखा अंगावर येतो म्हणे, म्हणून ते नाव. कुत्ता गोळी पकडल्याची बातमी आली की आपण पेपर बाजूला ठेवून म्हणतो, काय दिवस आलेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी इथे शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना पकडला तेव्हाही आपण हेच म्हणालो, आणि तिथे ते चाललं असतं, कारण एमडी आपल्या कपाटात नसते. अल्प्राझोलाम असते. मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे. वेगळं रजिस्टर, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, किती दिली, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. त्या रजिस्टरात महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने, एकाच वळणात भरलेल्या ओळी कुणी पाहिल्या नसतील तर हात वर करा.

त्या मुलाशी मी थोडा वाद घातला. पोरगा हुशार होता. त्याचं म्हणणं तीन वाक्यांत होतं. माझे पैसे, माझं शरीर, मी कुणाचं काय वाकडं करतो? तुम्ही चिठ्ठी मागता आणि शेजारचा मागत नाही, मग कायदा राहिला कुठे? आणि तिकडे रेटिंग असतं, खराब माल देणारा टिकत नाही.

यातल्या दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे. उरलेल्या दोन्हींचा पुरा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. २०११ मध्ये 'सिल्क रोड' नावाचा छुपा बाजार इंटरनेटवर सुरू झाला. व्यवहार बिटकॉइनमध्ये, खरेदीदार-विक्रेते दोघेही टोपणनावाने, माल मुख्यत्वे अमली पदार्थ. चालवणारा रॉस उलब्रिक्ट हा मुक्त बाजार मानणारा तरुण. सरकारने माणसाच्या निवडीत पडू नये, हा त्याचा आग्रह. त्याने नियमही केले होते. चोरीची क्रेडिट कार्डं नाहीत, सुपारी नाही, ज्यातून तिसऱ्याला इजा होईल असं काही नाही. पैसे मध्यस्थ खात्यात अडकून राहायचे, माल पोचला की सुटायचे. विक्रेत्याला तारे मिळायचे. एक स्पॅनिश डॉक्टर तिथे बसून लोकांच्या शंकांना सल्ला द्यायचा. खरं सांगायचं तर आपल्यातल्या काही काउंटरांपेक्षा तिथे पेशंटशी जास्त बोललं जात होतं.

मग घडलं असं, की बाजार मोठा झाला आणि चालवणाऱ्याला धमक्या येऊ लागल्या. ग्राहकांची नावं उघड करीन म्हणून खंडणी मागितली गेली. तक्रार करणार कुठे? पोलिसांत जाता येत नव्हतं. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी जे पुरावे धरले, त्यानुसार त्याने पैसे मोजून माणसं मारायला सांगितलं. प्रत्यक्षात कुणाचा खून झाला नाही, पण पैसे गेले होते. 'कुणाला इजा नाही' हा ज्या बाजाराचा पहिला नियम, त्याचा मालक दोन वर्षांत तिथवर पोचला. कायदा नको म्हणून जो निघाला, त्याला शेवटी स्वतःचा दंडा लागला, आणि त्या दंड्याला ना कोर्ट, ना वकील, ना अपील. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात त्याला उघड्या लॅपटॉपसह पकडलं. २०१५ मध्ये जन्मठेप झाली. तिथल्या मालाशी सहा मृत्यूंचा संबंध असल्याचं सरकारी पक्षाने कोर्टात मांडलं, आणि मेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी कोर्टात उभं राहून सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. पॅरोलशिवाय जन्मठेप ही शिक्षा जास्त होती, असं मलाही वाटतं. पण शिक्षा जास्त होती म्हणून बाजार बरा ठरत नाही.

आणि रेटिंग? सिल्क रोडनंतर 'इव्होल्यूशन' नावाचा बाजार आला. मार्च २०१५ मध्ये त्याचे चालक लोकांचे अडकलेले बिटकॉइन घेऊन एका रात्रीत पसार झाले. सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. २०१७ मध्ये 'हान्सा' नावाचा बाजार तर नेदरलँड्सचे पोलीस जवळपास महिनाभर गुपचूप स्वतःच चालवत होते. तारे मिळत होते, माल पोचत होता, पत्ते पोलिसांकडे जमा होत होते. तारा एवढंच सांगतो की पार्सल आलं. गोळीत काय होतं, हे तारे देणाऱ्याला कसं कळणार? ते प्रयोगशाळेला कळतं, आणि तिथे दोष निघाला तर बाकीचा माल शोधायला बॅच नंबर लागतो.

इथे कुणी म्हणेल, परवान्याचा बाजार तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? नाहीच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. ते औषध परवाना असलेल्या कारखान्यातलं, डॉक्टरांनी लिहिलेलं, मेडिकलमधून बिल करून घेतलेलं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८ टक्क्यांहून जास्त निघालं. ती मुलं यंत्रणेच्या डोळ्यांदेखत गेली, हे कुणीही नाकारू नये. पण पुढचा भाग आपल्या धंद्यातल्या माणसाने नीट पाहावा. बॅच एसआर-१३ हे नाव कळलं आणि राज्याराज्यांत तो माल थांबवता आला. आपल्याकडेही एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) इशारा आला, आपण कपाटं उपसली. कारखान्याचा मालक पकडला गेला. आता कल्पना करा, तीच बाटली लेबल खरवडून टेलिग्रामवर विकली गेली असती. कुठल्या बाटल्या परत मागवायच्या होत्या? कुणाकडून?

कल्पनेचीही गरज नाही. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट आठवा. रेमडेसिवीरसाठी गोळे कॉलनीत लागलेल्या रांगा आपण विसरलो नसू. सरकारच्या सांगण्यावरून कंपन्यांनी भाव उतरवल्यावर सगळ्यात स्वस्त कुपी ८९९ रुपयांना होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तीच हजारोंच्या बोलीत फिरत होती. बारामतीत तर टोळीने रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकलं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रेमडेसिवीर सरसकट वापरू नका म्हटलं होतं, तरी लोकांनी दागिने मोडले. त्या काळात ज्यांनी छापील किमतीत, नाव लिहून, रांगेतल्या माणसाला कुपी दिली असे पुष्कळ जण आपल्यात आहेत. ज्यांनी दुसरं केलं तेही आहेत. त्यांची दुकानं आजही छान चालू आहेत.

आता मुद्द्याचं. मी तुम्हाला 'कायदा पाळा' असं सांगणारं पत्र लिहीत नाही. ते लिहायला माझ्यापाशी तोंड नाही, तुमच्यापाशीही नाही. रात्री साडेदहाला धाप लागलेला माणूस आला तर आपण चिठ्ठी विचारत नाही, इनहेलर देतो. आडगावहून आलेल्या आजींची बीपीची गोळी दोन वर्षांपूर्वीच्या चुरगळलेल्या कागदावर देतो, कारण नाही दिली तर त्या महिनाभर गोळीच घेणार नाहीत. कायद्याच्या पुस्तकात हा गुन्हा आहे. माझ्या पुस्तकात नाही.

शिवाय आपण ज्या गावात दुकान मांडून बसलो आहोत, त्या गावाला 'नियम तो नियम' हे तत्त्वज्ञान शोभत नाही. माझ्या दुकानापासून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या माणसांनी तो पुढे कित्येक वर्षं चालवला. चारही दरवाजांवर बाया-माणसं बसली. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले, तुरुंगात गेली. १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी याच जिल्ह्यातले शेतकरी हायवेवर आणि रुळांवर बसले आणि खेरवाडीला गोळीबार झाला. यातलं काहीच कायदेशीर नव्हतं असं त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं असेल. आज आपण त्यांना नमस्कार करतो.

त्यांच्यात आणि बॅच नंबर खोडणाऱ्यात फरक काय, हे मला एका कपाशीच्या बियाण्याने स्वच्छ दाखवलं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारी जनुक-बदल केलेली कपाशी पेरली. परवानगी नसलेलं बियाणं. आधी जाहीर केलं, मग पेरलं, गुन्हे दाखल झाले ते अंगावर घेतले. सरकारशी भांडण आहे, हे आमचं नाव, या पकडायला. तेच बियाणं दर हंगामात बिनानावाच्या पाकिटांतून गुपचूप विकलंही जातं. उगवलं नाही तर शेतकरी तक्रार कुणाविरुद्ध करणार? बियाणं एक, कायदा एक, मोडणारे दोन. एकाने जोखीम स्वतःकडे घेतली, दुसऱ्याने ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली आणि नफा तेवढा ठेवून घेतला.

इनहेलर देताना मी बिल करतो. माझं नाव, परवाना क्रमांक, बॅच, तारीख. उद्या डी.आय. (औषध निरीक्षक) आला आणि म्हणाला चिठ्ठी कुठे, तर मी सांगेन की माणूस निळा पडत होता, दिलं, काय करायचं ते करा. जे मोडताना मला बिल फाडायची लाज वाटत नाही, ते मोडण्याचं मी समर्थन करू शकतो. ज्यासाठी मला कात्री आणि थिनर लागतं, त्याचं समर्थन माझ्याच्याने होणार नाही, मग गिऱ्हाईक कितीही राजीखुशीने पैसे देवो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ही कसोटी आपल्यावरच उलटते, आणि तिच्याबद्दल बोलायला आपण सगळेच बिचकतो. गर्भपाताची किट. हे औषध देशात कायदेशीर आहे, नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली. पण गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणांनंतर तपासण्यांचा असा ससेमिरा लागला की पुष्कळांनी किट ठेवणंच सोडून दिलं. कागदपत्रांचा व्याप कोण घेणार? चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही आपण मान हलवून 'नाही' म्हणतो. ती सिन्नरहून आलेली, नवऱ्याला किंवा सासूला सांगून आलेली नसते. मग ती मोबाइल उघडते. पाच-सातशेची किट तीन हजारांना कुरिअरने येते. सोनोग्राफी झालेली नसते. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही, नळी मात्र फुटू शकते आणि पोटात रक्त साचत जातं. रक्तस्राव नेहमीचाच समजून ती घरात पडून राहते, कारण गोळ्या कुठून आणल्या हे सांगायची चोरी. इथे आपण कायदा मोडला नाही. अगदी काटेकोर, सुरक्षित वागलो, आणि एक गिऱ्हाईक काळ्या बाजाराला स्वतःच्या हाताने बांधून दिलं. माझ्या मते हा कुत्ता गोळीइतकाच मोठा दोष आहे. फक्त यात छापा पडत नाही.

एफडीएच्या साहेबांनीही हा परिच्छेद वाचावा. किट ठेवणाऱ्याच्या दुकानात चार चकरा आणि न ठेवणाऱ्याच्या दुकानात चहा, हे थांबलं तर पुष्कळ काही बदलेल.

तर जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत स्वागत-सत्कारांच्या आधी हे विषय घ्यावेत, अशी माझी लेखी मागणी आहे. एच-वनमधला माल पेटीने उचलणारा रिटेलर असेल तर होलसेलरने बिल फाडण्याआधी त्याच्या दुकानात जाऊन यावं. एवढ्या छोट्या गावात एवढी झोप कुणाला लागते, ते बघावं. ज्यांची सर्टिफिकेटं पन्नास किलोमीटरवरच्या भिंतींना टांगलेली आहेत त्या फार्मासिस्टांनी ती उतरवून घ्यावीत. भाड्याच्या सर्टिफिकेटाच्या दुकानात रजिस्टर कोण भरतं, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक तालुक्यात निदान दोन दुकानांनी गर्भपाताची किट चिठ्ठीवर देण्याची तयारी दाखवावी आणि तपासणीच्या वेळी बाकीच्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. एच-वनची प्रत्येक स्ट्रिप त्यात यावी, अशी मागणी कंपन्यांनी नव्हे, आपण करावी. त्याने आपल्यातले काही उघडे पडतील. पडू देत.

मला फोन येतील, हे माहीत आहे. एक-दोन आलेही. "सगळ्यांच्या पोटावर पाय कशाला आणतोस" आणि "घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला". पोटावर पाय येत असेल तर तो कुणाच्या पोटावर, तेवढं सांगा, त्या नावावर बैठकीत बोलू. ज्यांना या पत्रातली एखादी गोष्ट खोटी वाटते त्यांनी लेखी उत्तर द्यावं, खाली सही करून. निनावी फॉरवर्डला मी उत्तर देणार नाही.

आपला,
पंचवटीतला एक औषध विक्रेता
(सही, शिक्का आणि फॉर्म २० व २१ चे परवाना क्रमांक मूळ प्रतीवर)